लंडनच्या मेसवाल्या काकू

उस्मानपुऱ्यात माझा इंग्रजीचा क्लास आहे. घराच्याच पुढच्या दोन खोल्या, एकीत नववी आणि दुसरीत दहावी. काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलांना उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायला द्यायची होती. झाडांचे उपयोग, वेळेचं महत्त्व असले पुस्तकातले उतारे वाचताना मुलांच्या तोंडावर जी कळा येते ती मला बघवत नाही. म्हणून इंटरनेटवर काही वेगळं शोधत बसले आणि मला एक खून सापडला.

व्हिक्टोरियन काळातलं लंडन. एक विधवा बाई आपल्या घरात भाडेकरू ठेवायची आणि त्यांना रांधून घालायची. एका सोमवारी सकाळी तिची भाची कपडे धुवायला मदत करायला आली, तर मावशी स्वयंपाकघरात मरून पडलेली. डोक्यात लोखंडी इस्त्री घातली होती. पुढचं दार बंद, मागचं उघडं. टेबलावर ताज्या दुधानं भरलेला जग. वरच्या खोलीत राहणारा भाडेकरू व्हायोलिन शिकवायचा. तो म्हणाला, मी वाजवत होतो, मला काही ऐकू आलं नाही. बाईच्या दिराचा त्या घरावर डोळा होता. रोज मागच्या दारानं येणाऱ्या दूधवाल्याच्या बाहीवर रक्त होतं. पोलिसांनी या तिघांना एकेक करून पकडलं आणि एकेक करून सोडून दिलं. भाचीलाही खोदून खोदून विचारलं. खुनी शेवटपर्यंत सापडला नाही.

मुलांनी उतारा इतका शांतपणे वाचला की मीच घाबरले. दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई क्लासच्या दारात उभी. आमच्याच गल्लीतली ही बाई बायकांचे कपडे शिवते आणि घराच्या वरच्या मजल्यावर कॉलेजची पोरं भाड्यानं ठेवते. सगळी गल्ली तिला आपा म्हणते. मला वाटलं, लेकरांना खूनबिन कशाला शिकवता म्हणून भांडायला आली.

"टीचर," आपा म्हणाली, "वो लंडनवाली बाई का फिर क्या हुआ? किसने मारा?"

"खुनी सापडला नाही असं खाली लिहिलंय ना."

"वो तो पोलिस को नै मिला. आपको क्या लगता?"

मला काहीच वाटत नव्हतं. मी उताऱ्यावर दहा प्रश्न काढले होते, त्यात हा नव्हता. आपाचं मत मात्र पक्कं झालेलं होतं. "किरायेदारइच है," ती म्हणाली. "मैं किरायेदारों को जानती."

आठवड्याभरात दुसऱ्या एका मुलाचे आजोबा आले. हे निवृत्त नायब तहसीलदार. सगळी नोकरी महसूल खात्यात गेलेली, त्यामुळे त्यांना साहेब म्हणायचं हे ठरलेलंच. नातवाचा उतारा त्यांनी लाल पेनानं तपासून आणला होता.

"मॅडम, मृत्यूनंतर घर कुणाच्या नावावर झालं, याचा उल्लेख यात नाही."

"मुलं नववीत आहेत, साहेब."

"असू द्या. खून म्हणजे भावकी. बिडकीनकडं जमिनी कंपन्यांसाठी गेल्या तेव्हा मी सख्खे भाऊ बघितलेत. हा दीर आहे, दीर. याला सोडलाच कसा?"

मला धरून चौथे दादा. हे पिशोरचे शेतकरी. घरची अद्रक, मका आणि चार म्हशी. त्यांचा पुतण्या आपाच्या वरच्या खोलीत राहून इंजिनिअरिंग करत होता, त्याला भाकरीचं पीठ आणि तूप पोचवायला दादा महिन्यातून दोनदा रविवारी यायचे. एका रविवारी खाली आपा आणि साहेब भाडेकरू की दीर यावरून भांडत होते. दादा पिशवी हातात धरून दारातच उभे राहिले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मधी बोलतो, राग मानू नका. पर दूध कोनी आनलं?"

अशी आमची चौघांची बैठक सुरू झाली. महिन्यातून दोन रविवार, सकाळी अकराच्या सुमाराला, आपाच्या पुढच्या खोलीत, दोन शिलाई मशिनींच्या मधे. चहात दादांची अद्रक. लंडनच्या त्या बाईला आम्ही मेसवाल्या काकू म्हणायला लागलो, कारण आमच्या शहरात घरी भाडेकरू ठेवून त्यांना जेवू घालणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? या खुनावर जगभरच्या हौशी लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे, हेही मला तोवर कळलं होतं. तिथं जुन्या वर्तमानपत्रांची पानं, साक्षी, नकाशे असं सगळं ठेवलेलं. ते वाचून मराठीत सांगायचं काम माझं. हळूहळू मलाही मतं फुटली, पण माझा संशय दर दोन-तीन महिन्यांनी एकावरून दुसऱ्यावर जायचा. साहेब त्याला माझं पक्षांतर म्हणायचे.

बाकीचे तिघं मात्र आपापल्या संशयितांना घरच्या माणसासारखे धरून होते. दादा म्हणायचे, "दूधवाला पहाटंचा मानूस. घरात कोन उठलं, कोन झोपलं, कोन्तं दार उघडं, समदं त्याला ठावं. अन बाहीला रगत." मी एकदा म्हटलं, त्याची गाय व्याली असेल, तिचं रक्त असेल. दादा कितीतरी वेळ हसत राहिले. "टीचर, तुमी इंग्रजीच शिकवा."

आपाचा मुद्दा वेगळाच होता. भाडेकरूनं साक्षीत सांगितलं होतं की काकूंच्या हातचं जेवण उत्तम असायचं, माझी कधीच तक्रार नव्हती. आपा यावर पेटून उठायची. "मेस का खाना अच्छा था, ऐसा कौन लडका बोलता? आज तक एक ने नै बोला. मैं बिर्याणी देती तो भी नै बोलते. झूठा है."

आणि मग त्या व्हायोलिनचा प्रश्न आला. वर व्हायोलिन वाजत असताना खालच्या स्वयंपाकघरातली किंकाळी ऐकू येते की नाही? आपा म्हणाली, येतेच, म्हणजे तो खोटं बोलला. साहेब म्हणाले, येत नाही, म्हणजे तो निर्दोष आणि दीर दोषी. दोन रविवार यातच गेले. शेवटी साहेबांनी निर्णय दिला की स्थळपाहणी करावी. आपाचं घर त्याला सोयीचं होतं, खाली स्वयंपाकघर, बाजूनं जिना, वर खोली. सुट्ट्या लागल्यानं पोरं गावी गेलेली.

व्हायोलिन नव्हतं. दादांच्या मोबाइलवर लग्नातली सनई होती, ती पुतण्याच्या स्पीकरला जोडली आणि दादा वर जाऊन बसले. साहेब जिन्याच्या मधल्या पायरीवर, हातात घड्याळ. आपा मागच्या दाराशी. ओरडायचं मी, कारण वर्ग आवरून आवरून माझा आवाज तयार झालाय असं सगळ्यांचं मत पडलं.

पहिल्यांदा ओरडले ते साहेबांनी नामंजूर केलं. "मॅडम, तुमच्या डोक्यात इस्त्री पडतेय. फळा पुसायला विसरल्यासारखं ओरडू नका."

मग मी डोळे मिटले आणि पोटातून ओरडले. मलाच माहीत नव्हतं माझ्यात एवढा आवाज आहे. ओट्यावरच्या वाट्या वाजल्या. एकदा जमल्यावर मजा वाटायला लागली, म्हणून आणखी दोनदा ओरडले. वर सनई चालूच होती.

थोड्या वेळानं दार वाजलं. बाहेर पोलिसांची गाडी, गाडीमागं आख्खी गल्ली. कुणीतरी फोन केला होता की सनई लावून आत बाईला मारतायत. फौजदार मॅडम आत आल्या. माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, चेहऱ्यावर सकाळपासूनचा थकवा. मागं वही काढलेला शिपाई.

"कोण ओरडत होतं?"

"मी."

"का?"

"खून होत होता," मी म्हणाले. तोंडातून निघेपर्यंत ते वाक्य मला बरोबर वाटत होतं.

"कुणाचा?"

"मेसवाल्या काकूंचा."

"कुठल्या मेसच्या?"

"लंडनच्या."

शिपायानं लिहायचं थांबवून मॅडमकडं बघितलं. साहेब पायऱ्या उतरून पुढं झाले, आपण निवृत्त नायब तहसीलदार असल्याचं सांगितलं आणि म्हणाले, "मॅडम, हे प्रात्यक्षिक आहे. मयत इसम राणीच्या काळातली, इंग्लंडची रहिवासी."

मॅडम खुर्चीवर बसल्या. आपानं पाणी दिलं, चहा ठेवला. साहेबांनी सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली, दिराच्या बाजूला जरा जास्त झुकवून. मॅडमनी मधे एकदाच विचारलं, "अजून आरोपी नाही? मग तपास कुणाकडं आहे?"

"सध्या आमच्याकडं," साहेब म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत, पण चहा पूर्ण प्यायल्या. निघताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी ओरडायच्या आधी शेजारी सांगून ठेवा. आम्हाला बाकीची कामं आहेत." शिपाई दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "मॅडम, मला तर ती भाचीच वाटते."

"चला," मॅडम म्हणाल्या.

गाडी गेल्यावर आम्हाला दादांची आठवण झाली. वर गेलो तर दादा लोडाला टेकून सनई ऐकत बसलेले. त्यांना ना माझं ओरडणं ऐकू गेलं होतं, ना पोलिसांची गाडी. आम्हाला बघून म्हणाले, "झालं का सुरू? म्या केव्हाचा कान देऊन बसलोय."

याचा अर्थ काय काढायचा, यावर त्याच दिवशी भांडण झालं. साहेबांच्या मते दादांना काही ऐकू आलं नाही, म्हणजे भाडेकरू खरं बोलत होता. आपा म्हणाली, पूरी गल्ली को सुनाई दिया, दादा का ध्यान लडकी की शादी में था. दादांनी ते मान्य केलं. मुलीच्या लग्नात याच सनईवाल्यांना बोलावलं होतं, म्हणाले.

मला हा प्रकार कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. मी तो जसाच्या तसा इंग्रजीत लिहून त्या कट्ट्यावर टाकला. दोन दिवसांत तिथल्या लोकांनी तो इतक्या जणांना पाठवला की माझ्या फोनला उसंत नव्हती. एरवी तिथं लोक इंचा-इंचावरून भांडतात, दार किती उघडं होतं वगैरे. इतक्या वर्षांत प्रत्यक्ष ओरडून कुणीच बघितलं नव्हतं म्हणे. मग कट्टा चालवणाऱ्या गृहस्थांचा निरोप आला. आमची ऑनलाइन सभा असते, तुम्ही चौघांनी तिथं आपली बाजू मांडाल का?

बाजू एकच मांडावी असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्यात ते शक्य नव्हतं. शेवटी ठरलं की तिघांनी आपापला आरोपी मांडायचा आणि मी दुभाषी. माझा त्या महिन्यातला आरोपी कुणी विचारलाही नाही.

सभा आमच्याकडच्या संध्याकाळी होती, लंडनमधे तेव्हा दुपार. आपानं मशिनी भिंतीला सरकवल्या आणि मागं नवा पडदा लावला. दादा सकाळीच पिशोरहून निघून आले होते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी टोपी. साहेबांनी कोट घातला. तोही उन्हाळ्यात.

लॅपटॉपवर चौकटी चौकटीत गोरे चेहरे. सुरुवातीलाच अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही कुठून बोलताय? साहेबांनी शहराचं नवं नाव सांगितलं, त्याच वेळी आपानं जुनं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, वा, दोन शहरांतले लोक आहेत म्हणजे. आम्ही ते तसंच राहू दिलं.

साहेब आपलं आपणच इंग्रजीत बोलले. सगळी नोकरी आदेश काढण्यात गेल्यामुळं त्यांचं इंग्रजी बोलतानाही आदेशासारखंच येतं. सबब, ज्याअर्थी, त्याअर्थी. पलीकडच्या लोकांना ते फार आवडलेलं दिसलं. आपा हिंदीत बोलली, मी इंग्रजी केलं. मेसच्या जेवणाचा मुद्दा आला तेव्हा पलीकडचे दोघं-तिघं मान डोलवायला लागले. तेही कधीतरी भाड्याच्या खोल्यांत राहिले असणार.

मग दादांची पाळी. त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, आज आपल्याकडे एक विशेष पाहुण्या आहेत. कोपऱ्यातली एक चौकट मोठी झाली. पांढऱ्या केसांच्या एक वृद्ध बाई, लोकरीचा निळा स्वेटर, मांडीवर मांजर. त्यांनी हात हलवला.

अध्यक्षांनी ओळख करून दिली आणि मी भाषांतर करायचंच विसरले.

"काय म्हनला तो?" दादांनी विचारलं.

"दादा, त्या बाई दूधवाल्याच्या पणती आहेत."

"कोन्त्या दूधवाल्याच्या?"

"तुमच्या."

दादा पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी टोपी नीट केली, हात जोडले आणि म्हणाले, "राम राम, बाई."

त्या बाईंनीही मांजर सावरत हात जोडले.

"बोला दादा," मी म्हणाले. "सगळे थांबलेत."

"आता कसं बोलावं? तोंडावर?" ते माझ्या कानाशी म्हणाले. "तिच्या घरचा वडीलधारा मानूस तो."

"तुम्ही सांगितलंय बोलणार म्हणून."

दादांनी पुन्हा घसा साफ केला. "त्यांना सांगा, तुमचे पणजोबा लई कष्टाळू मानूस व्हते. थंडीपावसात पहाटं उठून दारोदार दूध घालायचं, येरागबाळ्याचं काम नाय."

मी सांगितलं. बाई हसल्या. साहेब बाजूनं दबक्या आवाजात म्हणाले, "दादा, मुद्द्यावर या."

दादा मुद्द्यावर आले, पण उलट्या बाजूनं. गेली कित्येक वर्षं त्यांनी दूधवाल्याविरुद्ध जे काही रचलं होतं, ते त्यांनी एकेक करून पाडायला घेतलं. तो मागच्या दारानं यायचा? मग कुठला दूधवाला पुढच्या दारानं येतो? जग भरलेला होता? म्हणजे त्यानं आपलं काम केलं अन गेला. मारायला आलेला मानूस आधी दूध ओतत बसत नसतो. "अन बाहीला रगत," दादा म्हणाले, "तर गाय व्याली असंल. माझ्या शर्टाला मागच्या महिन्यात लागलं व्हतं. म्हशीचं."

मी हे भाषांतर करताना त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझी नजर चुकवली.

आपा मान खाली घालून ओढणीत हसत होती. पण पडद्यावरच्या बाई हसत नव्हत्या. सुरुवातीला त्यांचा चेहरा उजळलेला होता, तो हळूहळू पडत गेला. दादांचं झाल्यावर त्यांनी मांजराच्या पाठीवरून हात फिरवला. मग फार सभ्यपणे बोलल्या. मी ऐकून घेतलं, पण मराठीत सांगायला मला वेळ लागला.

"रागावली का?" दादांनी विचारलं.

"नाही. त्या म्हणतात, आमच्या घरात पहिल्यापासून सांगत आलेत की खून पणजोबांनीच केला. त्यांची आजी दर नाताळात जेवणानंतर ही गोष्ट सांगायची. त्या म्हणतात, आमच्या घराण्यात बाकी कुणीच काही केलेलं नाही. गावात त्यांची ओळखच खुन्याची पणती अशी करून देतात."

"मंग?"

"तुम्ही ते त्यांच्याकडून काढून घेताय, असं त्यांचं म्हणणं."

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हंजी तिला तो खुनी पायजे?"

"हो."

"मंग हे आधी सांगायचं ना," दादा म्हणाले.

आणि त्यांनी टोपी परत घातली. त्यानंतर दादा जे बोलले ते आमच्या एकाही रविवारी बोलले नव्हते. ते उठून उभे राहिले, त्यामुळं पडद्यावर फक्त त्यांचा शर्ट दिसायला लागला. मी लॅपटॉप तिरका केला. दूधवाला पहाटेच्या अंधारात गल्लीत शिरला, मागचं दार ढकललं, काकू इस्त्री तापवत होत्या, काय बोलणं झालं, कोण चिडलं, सगळं डोळ्यासमोर उभं केलं. जग भरून ठेवला तो कामून? पोलिसांनी म्हनावं की मारनारा दूध ओतत बसत नसतो, यासाठी. मी धापा टाकत भाषांतर करत होते. त्या बाई पुढं वाकून ऐकत होत्या, मांजर केव्हाच उडी मारून गेलं होतं. शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सभेच्या अखेरीला मतं घेतली, त्यात दूधवाला पहिला आला. साहेबांना हे मुळीच मान्य झालं नाही. एकच वकील दोन्ही बाजूंनी उभा राहिल्यानं मतदान रद्दबातल आहे, असं त्यांनी पलीकडच्या अध्यक्षांना कळवलं. अध्यक्षांनी नोंद घेतो म्हणून सांगितलं. आपा लॅपटॉप मिटवत म्हणाली, "दादा, कोर्ट में गये होते तो खेती नै करनी पडती."

या बाईंचा आणि दादांचा पुढं चांगलाच घरोबा झाला. त्या बागेतल्या गुलाबांचे फोटो पाठवायच्या, दादा अद्रकीच्या सऱ्यांचे. गुलाबांना काय घालावं हे दादा सांगायचे आणि मी शेणखताला इंग्रजीत काय म्हणावं याचा विचार करत बसायचे. त्या एकट्या राहतात, मुलगा लांब असतो, हे दादांनी पहिल्याच आठवड्यात काढून घेतलं.

मग एका रविवारी, आम्ही चौघं जमलेलो असताना, त्यांनी व्हिडिओ कॉल केला. गप्पांच्या ओघात दादांनी विचारलं, पोलिसांनी सोडल्यावर तुमच्या पणजोबांचं काय झालं?

त्यांनी ते अगदी मजेत सांगितलं, नाताळात सांगायच्या गोष्टीसारखं. पोलिसांनी सोडल्यावर ते सकाळी नेहमीसारखे दूध घेऊन निघाले, तर गल्लीतल्या प्रत्येक दारात दुधाचा जग पालथा घातलेला. एकाही घरानं दूध घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मग ते बायको आणि पोरं घेऊन समुद्राकाठच्या एका गावी गेले आणि मरेपर्यंत कोळसा वाहिला. तिथंही नाव पोचलंच. त्या हसून म्हणाल्या, आजीला शाळेत कुणी शेजारी बसू द्यायचं नाही, पण सगळ्यांना गोष्ट मात्र ऐकायची असायची.

दादा ऐकत होते. माझं भाषांतर संपल्यावर म्हणाले, "अन त्यानं केलं नसंल तर?"

"हे त्यांना विचारू?"

"नको. ऱ्हाऊ द्या."

कॉल संपल्यावर आपानं चहा केला. दादा म्हणाले, "आमच्या पिशोरात मोटारीच्या चोरीत एकाचं नाव आलं व्हतं. पानी उपसायची मोटार. नंतर मोटार मालकाच्याच विहिरीत सापडली, गाळात रुतलेली. पर तवर तो मानूस बायका-पोरं घेऊन बिडकीनला कंपनीत गेला व्हता. मालक गेला बोलवाया. नाय आला."

त्या रविवारी बैठक लवकर उठली.

मला वाटलं, दादा आता यायचे नाहीत. पुतण्याही पास होऊन पुण्याला गेला होता, त्यामुळं पिठाचंही निमित्त राहिलं नव्हतं. पण दादा आले, अद्रक घेऊन, नेहमीच्या वेळी. साहेबांनी दिराचं काढलं, तशी दादा म्हणाले, "त्या दिराच्या बाजूनं कोन हाय?"

"कोणीच नाही. तो दोषी आहे."

"मंग म्या हाय."

तेव्हापासून दादा सगळ्यांचे वकील आहेत. ज्याच्यावर आरोप होईल त्याच्या बाजूनं ते उभे राहतात. साहेबांना याचा अतोनात त्रास होतो. दिराला घर हवं होतं हे दादांनाही कबूल, पण घर हवं असलेला प्रत्येक माणूस मारत सुटला असता तर तहसील कचेरीत रांग कुणाची असती, असं ते विचारतात. आपाच्या भाडेकरूबद्दल म्हणाले, एखाद्या पोराला खरंच जेवन आवडत असंल. आपा त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही, पण वर राहणाऱ्या नव्या पोरांना तिनं संध्याकाळी खोदून खोदून विचारलं म्हणे. दूधवाल्याच्या पणतीला दादांनी आपलं हे पक्षांतर अजून सांगितलेलं नाही. तिच्यासाठी ते सरकारी वकीलच आहेत, आणि भाषांतर करताना मीही त्यात ढवळाढवळ करत नाही.

मागच्या रविवारी पाळी माझी होती. माझा संशय सध्या भाचीवर आहे. मी चांगली तयारी करून गेले होते. घराची किल्ली तिच्याकडं, इस्त्री कुठं असते ते तिला माहीत, आणि तिची साक्ष तीन ठिकाणी वेगवेगळी. एकदा म्हणते दार उघडं होतं, एकदा म्हणते ढकललं. साहेब खूश झाले. "विसंगती," ते म्हणाले. "हे बघा, ही खरी विसंगती."

दादांनी चहाची बशी खाली ठेवली. "केवढी व्हती पोरगी?"

"सतरा-अठरा असेल."

"सकाळी कपडे धुवायला म्हनून आली अन समोर मावशी पडलेली. मंग लगोलग पोलिसांनी इचारलं?"

"दिवसभर. दुसऱ्या दिवशीही."

"दार उघडं व्हतं का ढकललं, हे तुमाला तरी आठवलं असतं का, टीचर?" दादा म्हणाले. "तिला तवा घरी कोनी नेलं? पानीबिनी कोनी दिलं का नाय?"

मला माहीत नव्हतं. मी इतकी पानं वाचली होती, पण हे कुठं लिहिलेलं आठवेना. फोन काढून तिथंच शोधायला लागले. पोलिस किती वाजता आले, कोण कुठं उभं होतं, जग कुठल्या बाजूला होता, सगळं होतं.

"बघा, बघा," साहेब म्हणाले, "पण तोवर विसंगती कायम आहे, ही नोंद असू द्या." आणि त्यांनी आपाकडं आणखी अर्धा कप चहा मागितला.